सहाशे तेरा नंबरची जोडणी

वेतूरिया रुसानने तो पिवळा पडलेला तक्ता खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद अगदी डोळ्यांशी धरून पुन्हा वाचला. काही बदललं नाही. लाइन नंबर सहाशे तेरा. दाब अठ्ठावीस किलो. जोडणी अर्धा इंची, आट्यांची. व्हॉल्व्ह एक. खाली तारीख, फेब्रुवारी सत्याऐंशी, आणि तारखेशेजारी तिची तेव्हाची सही, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली.

सहाशे तेरामध्ये दाब अठ्ठावीस किलो नव्हता, तीनशे वीस होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने हे सांगितलं असतं. अठ्ठावीस किलोची लाइन सहाशे एकतीस नंबरची. एकवीस वर्षांपूर्वी कधीतरी तिने तेराच्या जागी एकतीस वाचलं होतं आणि पुढचं सगळं त्या दाबावर बेतलं होतं.

ती खुर्चीत येऊन बसली. खोलीत नऊ टेबलं होती, त्यातली आठ रिकामी. एके काळी इथे इतकी माणसं असत की कोट टांगायला खुंटी मिळत नसे. आता कारखान्याचे मालक बदलले होते, नकाशे बाहेरून येत होते, आणि वेतूरियाला शेवटचं काम म्हणून जुने तक्ते कॉम्प्युटरवर चढवायला बसवलं होतं. अठ्ठावीस नोव्हेंबरला तिची नोकरी संपणार होती. अजून तीन आठवडे होते.

तिचं काम बाहेरच्या माणसाला सांगायला कठीण, म्हणून ती ते कुणाला सांगत नसे. कारखाना खताचा. त्यात मैलोगणती पाइप. पाइपातला दाब किती हे बाहेर कळायला हवं, म्हणून पाइपला एक बारीक फांदी काढायची आणि तिच्या टोकाला गेज लावायचा. ही फांदी पाइपला कशी जोडायची, एवढंच वेतूरियाने एकतीस वर्षं ठरवलं. पाण्याला, हवेला साधे आटे पुरतात, फिरवून घट्ट केलं की झालं. वाफेला वेल्ड लागतो. अमोनिया जिथे जातो तिथे पितळेचा कॉक, म्हणजे तोटी, चालत नाही, अमोनिया पितळ खातो. आणि दाब शंभराच्या वर गेला की आट्यांचं नावही काढायचं नाही. तिथे जाड भिंतीचा तुकडा मुख्य पाइपला वेल्ड करायचा, त्यावर एकामागे एक असे दोन व्हॉल्व्ह बसवायचे, आणि दोघांच्या मध्ये अडकलेला दाब सोडायला एक बारकी वाट ठेवायची. एक व्हॉल्व्ह दगा देईल तेव्हा दुसऱ्याने माणसाला वाचवायचं.

नियम पुस्तकात होते. त्यांचा अर्थ तिला सेवेर झेग्रेआनने शिकवला होता. तो गेज-विभागातला फिटर आणि वेल्डर, तिच्याहून पाचेक वर्षांनी मोठा, डोंगरातल्या एका गावचा. ती नवी असताना एकदा तो तिला कॉम्प्रेसरपाशी घेऊन गेला, तिचा तळहात धरून पाइपवर टेकवला आणि थांबला. पाइप बारीक थरथरत होता. "हे असं दिवसरात्र चालू असतं, बाई," तो म्हणाला. "तुमच्या कागदावर सगळं घट्ट असतं. इथं आटा थरथरून थरथरून मरतो." मग हात सोडायचं त्याच्या उशिरा लक्षात आलं, आणि दोघंही उगाच गेजकडे बघत राहिले.

आता तिच्यासमोरच्या कागदावर तीनशे वीस किलोच्या, थरथरणाऱ्या लाइनवर अर्धा इंची आटे होते, आणि ते तिने निवडले होते.

सत्याऐंशीचा तो हिवाळा तिला आठवत होता. कचेरीत हीटर बंद, दोन टेबलांमागे एक दिवा, बोटं कापलेले हातमोजे घालून लिहायचं. घरी आई अंथरुणाला खिळलेली. वेतूरिया तासातासाने उठून तिची कूस बदलायची आणि सकाळी सहाची बस धरायची. पण हे कारण तिने स्वतःलाही पुरतं सांगितलं नाही. कारणाने पाइप धरत नाही.

कुणाला कळलं नसतं. कॉम्प्युटरवर सहाशे तेराच्या रकान्यात बरोबर जोडणी लिहायची, जुना कागद गठ्ठ्यात घालायचा. गठ्ठे पुढच्या महिन्यात लगद्याला जाणार होते. कागद दुरुस्त झाला असता. पाइप होता तसाच राहिला असता, आणि त्याच्या खालून दर पाळीला चार माणसं गेली असती.

तिने कोट घातला, कागद घडी न करता फायलीत ठेवला आणि अंगण ओलांडून कॉम्प्रेसर-विभागात गेली.

विभागप्रमुख ओव्हिदिऊ क्रिस्तेआ तीन वर्षांपूर्वीच आलेला, चाळिशीचा, पोटाच्या दुखण्याने सुकलेला माणूस. तो पाव आणि दही खात होता. तिने कागद पुढे ठेवला आणि जे होतं ते सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला. कागद वाचला, तिची सही बघितली, मग तिच्याकडे बघितलं.

त्याने फिटरांना विचारून पाहिलं. त्या लाइनचा गेज भिंतीवरच्या फळीवर होता, तिथून एक बारीक नळी वर जाऊन पत्र्याच्या वेष्टनात शिरत होती. गेज बदलायचा तर सगळे खालच्या कॉकवरून बदलत. वेष्टनाच्या आत नळी पाइपला कशी जोडलीय हे कुणी बघितलं नव्हतं. पाइपवरची उष्णता अडवणारी लोकर कधी काढली होती, तेही कुणाला आठवेना.

"एकवीस वर्षं धरून आहे," क्रिस्तेआ म्हणाला.

"म्हणूनच भीती वाटते," ती म्हणाली.

त्याने कपाळ चोळलं. आत खरंच आटे असतील तर कारखाना आत्ताच्या आत्ता थांबवावा लागणार होता. आणि आत काही नसताना थांबवला तर वरचे लोक त्याला जाब विचारणार होते. आधी बघायला हवं, पण बघायला पाठवायचं कुणाला? लोकर काढताना त्या तुकड्याला धक्का लागला तर पाठवलेला माणूस परत येईल याची खात्री नव्हती. वेतूरिया म्हणाली की ती स्वतः जाईल, चूक तिची आहे. तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. मग त्याने खालच्या माणसांना जागा मोकळी करायला लावली, कॉम्प्रेसरचा दाब उतरेल तेवढा उतरवायला सांगितलं, आणि तासाभराने दोन शिरस्त्राणं घेऊन तिच्याबरोबर निघाला. तिने नको म्हटलं. तो म्हणाला, "बाई, वाद घालायला मला वेळ नाही."

लोखंडी जिना चढून ते वर गेले. आवाज इतका की बोलायचा प्रश्न नव्हता. वेष्टनाचे स्क्रू गंजले होते, क्रिस्तेआने एकेक करून काढले. पत्रा सुटला. आत राखाडी, घट्ट बसलेली लोकर होती. वेतूरियाने हातमोजे घातले आणि ती बोटांनी थराथराने सोलायला घेतली, आजारी माणसाच्या जखमेवरची पट्टी सोडवतात तशी. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. तिची बोटं स्थिर होती. तेवढ्याकडे तिचं लक्ष गेलं आणि तिला बरं वाटलं.

शेवटचा थर निघाला. आटे नव्हते.

मुख्य पाइपवर जाड भिंतीचा, मुठीएवढा तुकडा वेल्ड केलेला होता. वेल्डची शिवण एकसारखी, माशाच्या खवल्यांसारखी. त्यावर एक व्हॉल्व्ह, त्यावर दुसरा, आणि दोघांच्या मध्ये दाब सोडायची बारकी वाट, तोंडाला टोपी घातलेली. पुस्तकात असते तशी जोडणी, किंबहुना पुस्तकातल्यापेक्षा बरी, कारण कुणीतरी त्या बारीक फांदीला थरथरीतून सांभाळायला खालून एक पट्टीही दिली होती.

क्रिस्तेआने शिरस्त्राण मागे सारलं. त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं. "कागद चुकलाय, पाइप बरोबर आहे. तुमच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदाच उलटं झालेलं दिसतंय." त्याला आता हसू येत होतं. ती मात्र वाकून वेल्डच्या शेजारी बघत होती. तिथे लोखंडात ठोकलेला एक आकडा होता, वेल्डर आपलं काम झाल्यावर ठोकतात तसा. तिने अंगठ्याने धूळ पुसली. ११४.

तो आकडा कुणाचा, हे सांगू शकेल असा एकच माणूस कारखान्यात उरला होता. तपासणी-विभागातला साबिन. पूर्वी तो वेल्डचे एक्स-रे काढत असे. आता बासष्टीचा झाला होता आणि करारावर येऊन फक्त रजिस्टरं सांभाळत होता. वेतूरिया दुपारी त्याच्या खोलीत गेली तेव्हा तो सूर्यफुलाच्या बिया खात होता. तिने एकशे चौदा नंबर कुणाचा म्हणून विचारलं. साबिनने रजिस्टर उघडलं नाही.

"कुठं बघितलात?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. तो उठला, दार लोटून घेतलं आणि बियांची पुडी खणात ठेवली.

"सेवेरचा," तो म्हणाला.

सेवेरची गोष्ट कारखान्यातल्या जुन्या माणसांना एकाच शब्दात ठाऊक होती. भट्टीवाला. सत्याऐंशीच्या एप्रिलमध्ये स्टोअरची मोजदाद झाली, तेव्हा जाड भिंतीच्या भारी पाइपचा एक तुकडा आणि दोन व्हॉल्व्ह कमी भरले. चिठ्ठी नव्हती. चौकशी सुरू झाली, आणि दुसऱ्याच दिवशी सेवेर आपण होऊन पुढे आला. म्हणाला, मी नेले. कशाला नेले, तर गावाकडे आलुबुखाराच्या दारूची भट्टी आहे, तिला लावायला. मग आहेत कुठे, तर विकले, बाजारात, माणूस ठाऊक नाही. भोजनगृहात सभा बोलावली गेली. तीनशे माणसं. भट्टीचं नाव निघाल्यावर लोक हसले, सेवेरही थोडा हसला. मग त्याला दोषी ठरवायला हात वर करायला सांगितले आणि सगळ्यांनी हात वर केले. वेतूरिया तिसऱ्या रांगेत होती. तिने हात वर केला. तिला आतून राग आला होता. आदल्या वर्षी तो तिला दोनदा सिनेमाला घेऊन गेला होता, सप्टेंबरात आलुबुखार काढायला गावी चला म्हणाला होता. आईमुळे जमलं नाही, पुढच्या वर्षी येते असं तिने सांगितलं होतं. आणि हा माणूस भट्टीसाठी पाइप चोरतो. हात वर असताना त्याने तिच्याकडे एकदा बघितलं, आणि मग दुसरीकडे बघितलं.

त्याची पगारकपात झाली आणि त्याला नदीकाठच्या पंपघरात टाकलं, सहा किलोमीटर लांब. तिथे तो निवृत्त होईपर्यंत राहिला. एकदा फाटकाशी समोर आला, टोपी काढून नमस्कार केला. तिने पर्सची कडी नीट लागलीय का ते बघितलं. त्यानंतर तो त्या फाटकाने आला नाही. त्याच उन्हाळ्यात आई गेली. दोन वर्षांपूर्वी सेवेर वारला, हे तिला सूचनाफलकावरच्या चिठ्ठीवरून कळलं, आणि ती चिठ्ठी आठवडाभर जुनी होती.

साबिन सांगत होता. मार्चमध्ये दोन दिवसांचा शटडाऊन होता. सहाशे तेरावर नवी जोडणी बसवायची म्हणून सेवेर तक्ता घेऊन वर गेला, आणि बघतो तर गेज सहाशे किलोपर्यंतचा आणि तक्त्यात आटे. गेज दुसऱ्या खात्याने मागवला होता, तो बरोबर होता. तक्त्यावर तोवर चार सह्या आणि शिक्का झाला होता. दुरुस्ती करायची तर कमिटीपुढे जावं लागलं असतं. आणि त्याच्या आदल्या शरद ऋतूत दुसऱ्या विभागात एक पाइप फुटून माणूस गेला होता. चूक कुणाची हे शोधायला बाहेरची माणसं आली होती. एका इंजिनिअरला घेऊन गेली, तो चार महिन्यांनी परत आला तो कुणाशी न बोलणारा होऊन. तेव्हा चुकीला चूक म्हणत नसत, घातपात म्हणत.

"सामान काढायला चिठ्ठी लागते, चिठ्ठीवर लाइनचा नंबर लागतो," साबिन म्हणाला. "म्हणून त्यानं चिठ्ठीच केली नाही. रविवारी एकट्यानं वेल्ड केलं. मग माझ्याकडं आला. म्हणाला, एक जोड आहे, रजिस्टरात यायचा नाही, पण फोटो काढून दे. मला रात्री झोप लागली पाहिजे. मी काढला. केसाएवढीही खोट नव्हती."

वेतूरिया खुर्चीच्या कडेवर बसली होती. "मला का नाही सांगितलं त्यानं?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाला, तिला कळलं तर ती तडक उठून साहेबाकडं जाईल आणि माझी चूक म्हणून सांगून मोकळी होईल. तशीच आहे ती. मग तिच्या आईला कोण बघेल."

तशीच आहे ती, हे शब्द तिने मनात उचलून बघितले आणि ते आपल्या मापाचे आहेत का ते बघत राहिली. सत्याऐंशी साली ती उठून गेली असती का? तिला ठाऊक नव्हतं. ज्या एका माणसाला खात्री होती, त्याच्याविरुद्ध तिने हात वर केला होता.

"सभेनंतर तरी सांगायचं होतंत," ती शेवटी म्हणाली.

"सांगून काय झालं असतं, बाई. तुम्ही न कळता हात वर केलात." साबिन टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता. "मला सगळं ठाऊक होतं, आणि माझाही हात वर होता."

दुसऱ्या दिवशी ती कॉम्प्युटरपुढे बसली. सहाशे तेराच्या रकान्यात तिने खरी जोडणी भरली. जाड तुकडा, वेल्ड, दोन व्हॉल्व्ह, मध्ये वाट. शेवटी एक रकाना होता, जोडणी कोणी केली. तिने सेवेर झेग्रेआन लिहिलं. कॉम्प्युटरने ते घेतलं नाही. त्याला कामावर असलेल्या माणसांचीच नावं ठाऊक होती. तिने तीनदा लिहिलं, तीनदा ते पुसलं गेलं.

मग तिने खणातून कोरा कागद काढला. तिच्या खणात अजून जुन्या पद्धतीची पेनं होती, तीन जाडींची. तिने ती जोडणी हाताने काढली, पट्टी आणि कंपास घेऊन, व्हॉल्व्हचे दांडेसुद्धा. वेल्डच्या शेजारी एकशे चौदा आकडा घातला. खाली लिहिलं: लाइन ६१३, दाब ३२० किलो. तक्त्यातील जोडणी चुकीची, निवड वेतूरिया रुसान. बरोबर जोडणी केली सेवेर झेग्रेआन, वेल्डर ११४, मार्च १९८७. साहित्य कारखान्याचे, कारखान्यातच वापरले. या शेवटच्या ओळीपाशी ती बराच वेळ थांबली, मग तिच्याखाली सरळ रेघ ओढली.

क्रिस्तेआने तो कागद दोनदा वाचला. सेवेरचं नाव त्याने ऐकलेलं नव्हतं. तिने थोडक्यात सांगितलं. हे आता लागणार कुणाला, असं त्याने विचारलं, पण विचारतानाच खण उघडून शिक्का काढला. सही करून झाल्यावर तो म्हणाला, "दोन प्रती करा. एक माझ्या कपाटात राहू दे. मी आहे तोवर कुणी टाकणार नाही."

निवृत्तीचा केक कापला गेला, सहा माणसं आली, त्यातली दोघं चुकून. पुढच्या शनिवारी वेतूरिया सेवेरच्या गावच्या बसमध्ये बसली. साबिनने पत्ता दिला होता. तिथे त्याची थोरली बहीण साव्हेता राहत होती.

बस दिवसातून दोनदाच. गाव डोंगराच्या कुशीत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना आलुबुखाराची झाडं, पानं झडलेली, बुंध्यांना चुना फासलेला. साव्हेता सत्तरीची, काळा रुमाल बांधलेली, हातात कोंबड्यांचे दाणे. परकी बाई बघून ती फाटकाशी आली, पण फाटक उघडलं नाही.

"कारखान्यातली आहे मी," वेतूरिया म्हणाली. "सेवेरबरोबर काम केलंय."

साव्हेताने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "त्याला पुरला तेव्हा कारखान्यातलं कुणी आलं नव्हतं," ती म्हणाली.

"मला उशिरा कळलं. कळलं असतं तरी आले असते की नाही, सांगता येत नाही."

हे उत्तर साव्हेताला अपेक्षित नसावं. तिने दाणे एका फटक्यात कोंबड्यांकडे टाकले आणि फाटक उघडलं.

स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, टेबलावर मेणकापड. साव्हेताने मक्याची मामालिगा कापून, वर चीज घालून ताटली पुढे सरकवली. न विचारता दोन लहान पेले भरले. एकातली दारू आधी चार थेंब जमिनीवर सांडली, गेलेल्यासाठी. वेतूरियानेही सांडली. मग ती बोलायला लागली. तिने गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, काही न वगळता. तेराचं एकतीस कसं झालं, सेवेरने काय केलं, भट्टीची गोष्ट त्याने का रचली. आणि तिसऱ्या रांगेत बसून आपण काय केलं, तेही सांगितलं. मध्ये चुलीतलं लाकूड ढळलं तेव्हा साव्हेताने उठून ते सारखं केलं.

"आमच्याकडं भट्टी नव्हतीच कधी," मग ती म्हणाली. "शेजाऱ्याच्या भट्टीवर आळीपाळीनं काढायचो. सगळ्या गावाला ठाऊक. तरी गाव हसायचं. पोरं त्याला बघून तोंडानं शिट्टी वाजवायची, भट्टीसारखी." ती थांबली. "मी विचारलं होतं एकदा. बाबा रे, केलंस तरी काय त्या पाइपचं. म्हणाला, कामाला लागलाय तो."

वेतूरियाने पेला दोन्ही हातांत धरला होता. तिला एक गोष्ट विचारायची होती आणि विचारवत नव्हतं. साव्हेताला ते कळलं असावं.

"तुमचं नाव त्यानं कधी घेतलं नाही," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू. तुमचंच काय, कुणाचंच घ्यायचा नाही. पंपघरावरून शनिवारी यायचा, लाकडं फोडून द्यायचा, जायचा. लग्नाचं बोलले की उठून जायचा." तिने मेणकापडावरचे तुकडे तळहातात गोळा केले. "एका वर्षी मात्र मला ही खोली चुन्यानं रंगवायला लावली होती. आलुबुखार काढायला एक बाई येणार आहे म्हणाला, कारखान्यातली. नवं मेणकापड पण आणलं. मी दोन दिवस खपले. कुणी आलं नाही."

ती बाई आपणच, अशी वेतूरियाने मान डोलावली. साव्हेता तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने हात लांब करून पेला पुन्हा भरला.

खिडकीबाहेर उजेड उतरायला लागला होता. परतीची बस चारला होती. वेतूरियाने पिशवीतून कागद काढला, क्रिस्तेआच्या सहीशिक्क्याची दुसरी प्रत, आणि ताटली बाजूला सारून टेबलावर उलगडला. हा तुमच्याकडे राहू द्या, ती म्हणाली, गावात कुणाला दाखवायचा असेल तर. साव्हेताने हात एप्रनला पुसले. ती शाळेत चारच वर्षं गेली होती आणि चष्मा तिच्याकडे नव्हता. तिने ते चित्र बघितलं, रेघा, गोल, आकडे. हे त्यानं केलंय का, म्हणून विचारलं. वेतूरियाने होय म्हटलं. अजून आहे का तिथं? आहे, मी हाताने बघितलंय.

"त्याचं नाव कुठंय यात?"

वेतूरियाने दाखवलं. साव्हेताने तिथे आपलं बोट टेकवलं, अक्षरांच्या सुरुवातीला, आणि सावकाश शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं. मग परत सुरुवातीला आणलं. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. दोघींनी तो ऐकला. बस वळणावरून खाली गेली, तिचा आवाज झाडांमागे बारीक होत गेला, आणि साव्हेताने बोट उचललं नाही.